साडेआठची रिक्षा

नागपूर
३ फेब्रुवारी २००३

मामू, सलाम.

दर रविवारी फोनवर बोलतो, तरी पत्र लिहिते आहे. फोन करते तेव्हा अम्मी तुमच्या शेजारीच बसलेली असते आणि मला तिच्याविषयीच बोलायचं आहे.

गेल्या रविवारी तिनं मला सांगितलं, की अब्बांची रिक्षा रोज सकाळी साडेआठला सुरू होते. आवाजाची आठवण येते, असं नाही म्हणाली. सुरू होते, म्हणाली. दांडा दोनदा रिकामा ओढायचा, तिसऱ्यांदा इंजिन लागायचं, मग दोनदा रेस करून सोडून द्यायचं, ही अब्बांची रीत तिनं मला जशीच्या तशी ऐकवली. अब्बांना जाऊन सव्वादोन वर्षं झाली. रिक्षा त्याच महिन्यात तुम्ही भवानी पेठेत भंगारात दिलीत. मी तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "माहीत आहे गं. तरी येते."

तिला मनाच्या डॉक्टरांकडे न्या. लाजू नका आणि तिलाही लाजू देऊ नका. जूनपर्यंत फरक पडला नाही, तर विश्रांतवाडीची खोली सोडून मी तिला इथे घेऊन येणार आहे. ती म्हणते, खोली सोडायला लावलीस तर तुझ्याशी बोलणार नाही. नाही बोलली तरी चालेल. पण एकट्या बाईनं रोज सकाळी मेलेल्या माणसाची रिक्षा ऐकत बसायचं, हे मी चालू देणार नाही.

आता दुसरं, माझ्या नोकरीचं. पुण्यातल्या वाहनांच्या धुराचा अंदाज काढायचं काम आमच्या संस्थेनं माझ्याकडे दिलं आहे. रस्त्यावरून किती गाड्या जातात ते मोजायचं, एक गाडी किती धूर सोडते ते धरायचं आणि गुणाकार करायचा, म्हणजे शहराच्या हवेत रोज काय मिसळतं त्याचा आकडा मिळतो. गाड्या मोजायला चौकाचौकात माणसं उभी केली आहेत. एका गाडीचा धूर मात्र मी पीयूसी केंद्रांच्या नोंदींवरून धरणार आहे. बारा केंद्रांच्या वह्या हव्यात. अकरा मिळाल्या, बारावी तुमची. भाचीला नाही म्हणणार नाही ना?

तुमची
जरीना


विश्रांतवाडी, पुणे
१२ फेब्रुवारी २००३

चि. जरीनास मैनुद्दीनमामूचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, असं सुरू करायला आम्हाला म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवलं होतं. कारण तूच दिलंस, म्हणून पुढे लिहितो.

आपाला मंगळवारी शनिवार पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले आहेत, पण शब्द मोजून वापरतात. आपा त्यांच्याही वरचढ. "आवाज ऐकू येतो?" "येतो." "त्रास होतो?" "नाही." "मग आलात कशाला?" "भावानं आणलं." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांना वाटलं असावं पेशंट मीच. मग दोन गोळ्या लिहून दिल्या, एक सकाळी आणि एक झोपताना. आपा मुकाट्यानं घेते.

रिक्षाचं म्हणशील, तर ती भंगारात गेली. तिचा पत्रा आता कुणाच्या तरी बादलीत असेल. भूत असलंच तर बादलीचं असेल, ते साडेआठला दांडा ओढत बसणार नाही. तू नागपुरात बसून जीव जाळू नकोस. मी एका गल्लीवर आहे, सकाळ-संध्याकाळ डोकावतो.

वहीची झेरॉक्स सोबत पाठवतो. आमच्या केंद्राला नाव ठेवायला जागा सापडणार नाही. माझ्याकडे आलेली गाडी पास होऊनच जाते. पुण्यात माणसाला नापास केलेलं चालतं, त्याच्या गाडीला केलेलं चालत नाही. तुझ्या अंदाजात विश्रांतवाडीला चांगले मार्क दे म्हणजे झालं.

तुझा
मैनुद्दीनमामू


नागपूर
२० मार्च २००३

मामू, सलाम.

मार्क द्यायला मी कोण, तुम्ही पहिलेच आला आहात. बाकीच्या अकरा केंद्रांवर गाड्यांच्या धुरातला विषारी वायू सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघतो. सरकारी मर्यादा साडेचारची. तुमच्या वहीत सरासरी दीडसुद्धा भरत नाही! विश्रांतवाडीत शिरल्या की गाड्या शहाण्या होतात की काय? मी अहवालाच्या कच्च्या मसुद्यात तुमच्या केंद्राचं कौतुक लिहिलं, तर आमचे श्यामसुंदरसाहेब म्हणाले, "कौतुक नंतर करा, आधी कारण शोधा."

साहेब असं का म्हणाले ते सांगते. आळंदी रस्त्यावर एका शाळेच्या गच्चीवर आम्ही हवा ओढून घेणारं यंत्र ठेवलं आहे. त्यात पांढराशुभ्र गोल कागद घालतात. तीन दिवसांनी तो काढून पाकिटातून इथे पाठवतात. शहरात अशा पाच जागा आहेत आणि पाचांत तुमचाच कागद सगळ्यांत काळा येतो. स्वयंपाकघरातलं तवा धरायचं फडकं असतं ना, तसा. अंदाज म्हणतो हवा चांगली, कागद म्हणतो वाईट. दोघांतला एक खोटं बोलतो आहे आणि कागदाला खोटं बोलायचं काही कारण नाही.

मोजणाऱ्यांनी ट्रक कमी मोजले असतील, असा माझा संशय आहे. पण सगळं तपासायला हवं. तुमचं मशीन प्रत्येक प्रमाणपत्राची स्थळप्रत छापतं, त्यावर तारीख आणि वेळ असते. एप्रिल संपला, की मार्च-एप्रिलच्या स्थळप्रती खोक्यात घालून पाठवाल का? वहीत वेळ नाही.

अम्मी फोनवर फार सावकाश बोलायला लागली आहे. शब्दांच्या मधे थांबते. गोळ्यांमुळे का? आवाज अजून येतो का, विचारलं तर म्हणाली, "आज जरा उशिरा आली."

तुमची
जरीना


विश्रांतवाडी, पुणे
३० एप्रिल २००३

चि. जरीनास आशीर्वाद.

खोकं पार्सलनं पाठवलं आहे. एवढ्या चिठ्ठ्या चाळून तुला काय मिळणार, देव जाणे. ट्रक मोज म्हणतो मी. आमच्या दारावरून रोज वाळूचे ट्रक जातात, त्यांच्या मागे स्कूटरवाला दिसेनासा होतो. त्यांच्यापुढे गरीब रिक्षावाले काय धूर सोडणार?

आपाची बातमी चांगली आहे असं लिहिणार होतो, आता अर्धीच लिहितो. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या मारते. आवाज आला त्या दिवसाला फुली. रविवार सोडून रोजची फुली असते. पण १४ ते २२ एप्रिल या नऊ दिवसांत एकही फुली नाही! डॉक्टरांना सांगितलं, तर खूश झाले. गोळ्या लागू पडल्या म्हणाले. तेविसाव्या तारखेला पुन्हा फुली. मग डॉक्टरांनी गोळी वाढवली.

हात थोडा कापतो तिचा. चहाची बशी धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, कमी होईल. तू तिला नागपूरला न्यायचं म्हणतेस, ते मात्र करू नकोस. बावीस वर्षं एका खिडकीशी बसलेली बाई दुसऱ्या खिडकीशी बसत नाही. मी आहे इथे.

तुझा
मामू


नागपूर
९ जून २००३

मामू,

सलाम लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. सलाम.

तुमच्या खोक्यातल्या स्थळप्रती मी वेळेप्रमाणे लावल्या. दोन महिन्यांत सोळाशे गाड्या. स्कूटर, मोटारी, रिक्षा, दुधाचे टेम्पो. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा यायला हवा. तुमच्याकडे मात्र सकाळची पहिली गाडी २.१ दाखवते, दुसरी १.९ आणि अकरापर्यंत सगळ्या १.३ वर येऊन तिथेच थांबतात. जेवणाच्या सुट्टीनंतर १.६. शुक्रवारी तुम्ही नमाजाला जाऊन आलात, की पुन्हा १.९ पासून सुरुवात. इंजिन थंड असलं की जास्त धूर सोडतं, तापलं की कमी. तुमच्याकडे रोज एकच इंजिन तापतं आहे, मामू, आणि त्याच्यापुढे सोळाशे गाड्यांचे नंबर लिहिले आहेत.

आधी वाटलं, दुकानापाशी एखादी चांगली स्कूटर उभी असेल. मग १.३ हा आकडा आपण कुठे पाहिला आहे, ते आठवलं. अब्बांच्या कागदांचा डबा माझ्याकडे आहे. त्यात तुम्हीच दिलेली सात प्रमाणपत्रं आहेत. १.३, १.३, १.४, १.३. दर रविवारी प्लग काढून दात घासावेत तसा ब्रशनं घासणारा माणूस मी एकच पाहिला.

तरी मी स्वतःला म्हटलं, जरीना, योगायोग असेल. पण १४ ते २२ एप्रिलची एकही स्थळप्रत खोक्यात नाही. त्या जागी 'मशीन दुरुस्तीला' अशी तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे. मशीन नव्हतं, म्हणून तुम्ही रिक्षा सुरू केली नाहीत, म्हणून अम्मीच्या कॅलेंडरवर फुली नाही. रविवारीही फुली नाही, कारण रविवारी केंद्र बंद. ते नऊ दिवस तुम्ही डॉक्टरांना सांगितलेत आणि डॉक्टरांनी गोळी वाढवली.

रिक्षा भंगारात गेलीच नाही. तुमच्या केंद्राच्या टपरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती असणार. रोज साडेआठला तुम्ही ती सुरू करता, अगदी अब्बांसारखी, दोनदा रिकामा दांडा ओढून. अम्मी खरं तेच ऐकत होती. तिचा हात कापायला लागला, जीभ जड झाली, ते खरं ऐकल्याबद्दल! आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ डोकावत होतात.

शेवटच्या महिन्यात अब्बांना स्वतःचा श्वास पुरत नव्हता. पाठीला उशा रचून बसवावं लागायचं. आता तुमच्या वहीप्रमाणे आळंदी रस्त्यावरच्या सोळाशे गाड्या त्यांच्या श्वासावर पास झाल्या आहेत. हे डोक्यात आल्यापासून मला प्रयोगशाळेत एकटीला बसवत नाही.

तुमच्या नोंदी काढून टाकल्या आणि बाकीच्या केंद्रांवरून धरलं, तर तुमच्या भागातला धूर अडीचपट निघतो. मग कागदाशी जुळतं. तो अडीचपट धूर अम्मी, तुम्ही आणि तिथली सगळी माणसं रोज आत घेतात आणि माझ्या अहवालात हवा चांगली आहे असं छापून येणार होतं. साहेबांना मला सांगावंच लागेल. पंधरा दिवस थांबते. त्याआधी तुम्ही अम्मीला सांगा. लपवलं तुम्ही, सांगायचंही तुम्हीच.

आणि एक माझं. डॉक्टरांचं नाव पहिल्यांदा मीच काढलं. एका फोनवर मी माझ्या आईला वेडी ठरवलं. तुम्हाला लिहिलेल्या या सगळ्या शब्दांतले अर्धे मला आहेत.

जरीना


विश्रांतवाडी, पुणे
१८ जून २००३

चि. जरीनास,

या वेळी कारण की लिहीत नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. एवढंच घाल, की शेडमध्ये ती धूळ खात नव्हती. मी रोज पुसत होतो.

भाईजान गेले त्या महिन्यात मी खरंच रिक्षा घेऊन भवानी पेठेत गेलो होतो. भंगारवाल्यानं घण आणला आणि विचारलं, "काच आधी काढू का?" मला हो म्हणता आलं नाही. परत आणली आणि तुम्हाला सांगितलं, दिली. इंजिन जाम होऊ नये म्हणून रोज सुरू करायला लागलो. तेव्हा दुसरं काही मनात नव्हतं. दांडा दोनदा रिकामा का ओढायचे, ते मला आजही माहीत नाही. पण तसा ओढला नाही, तर ती लागत नाही.

मग एके दिवशी सर्जेराव नावाचा दूधवाला आला. त्याचा टेम्पो नापास झाला, तो आरडाओरडा करायला लागला, अहो, माझं दूध नासतंय, तुमचा कागद नासत नाही! मी वैतागून मशीनची नळी मागे नेली आणि भाईजानच्या रिक्षाच्या सायलेन्सरला लावली. कागद स्वच्छ निघाला. सर्जेराव हसत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं चार दोस्त पाठवले. पुढे पुढे लोकांच्या गाडीला नळी लावायची माझी सवयच मोडली. मनात म्हणायचो, भाईजान अजून कामावर आहेत. जिवंतपणी त्यांनी कुणा पॅसेंजरला नाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाहीत. असं म्हटलं की चोरी चोरी वाटत नाही.

तू डॉक्टरांचं लिहिलंस, तेव्हा खरं तोंडाशी आलं होतं. सांगितलं असतं तर केंद्र गेलं असतं आणि रिक्षाही गेली असती. म्हटलं, दोन गोळ्यांनी काय होतं. मग तिचा हात कापायला लागला. ती माझ्यासाठी बशीत चहा ओतायची, अर्धा जमिनीवर सांडायचा आणि मी उठून फडकं आणायचो. दोन महिने फडक्यानं पुसलं, तोंडानं बोललो नाही. याची माफी कशी मागायची, ते आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

सोमवारी परवाना परत केला. कारण लेखी दिलं, सगळं, तुझ्या आकड्यांसकट. तुझ्या साहेबांना तू आज सांगितलंस तरी चालेल.

काल आपाकडे गेलो. माझे शब्द सापडेनात, म्हणून तुझं पत्रच वाचायला घेतलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "चहा घेणार का?" बाकी ती तुला स्वतः लिहिणार आहे. मला वाचायला देणार नाही म्हणते.

मैनुद्दीन


विश्रांतवाडी, पुणे
२९ जून २००३

जरीना बेटी, खूप दुआ.

उर्दू तुला वाचता येत नाही, म्हणून मराठीत लिहिते. अक्षर वाकडं आहे, ते गोळ्यांचं. डॉक्टरांना विचारून त्या आता कमी करत आणल्या आहेत.

मैनू तुझं पत्र वाचता वाचता रडायला लागला. कागद भिजला. म्हणून मी चहा टाकायला उठले. त्याला जे सांगितलं नाही, ते तुला सांगते. मला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत होतं.

तुला वाटलं, अम्मीचं डोकं फिरलं. मैनूला वाटलं, आपाला काही कळत नाही. अगं, बावीस वर्षं त्या आवाजावर मी चहाचं भांडं उतरवलं आहे. मी त्याला भुताचा आवाज समजेन का? एका सकाळी उठून गल्लीतून गेले. शेडच्या पत्र्याला भोक आहे. मैनू पुढच्या सीटवर बसला होता, तुझे अब्बा बसायचे तसाच, एक पाय बाहेर काढून. रिक्षा चालू होती आणि तो तिच्याशी बोलत होता. म्हणत होता, "भाईजान, आज थंडी फार आहे, तापायला वेळ लागेल." मी तशीच परत आले.

यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी तुला फोनवर बोलून गेले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की या घरात अजून सकाळ होते. तू घाबरलीस. खरं काय ते उलगडून सांगितलं असतं, तर तू मैनूला बोलली असतीस आणि त्याला बंद करावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, तरी येते. डॉक्टरांनी विचारलं त्रास होतो का, मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. गोळ्या गिळल्या की रोज साडेआठला तुझे अब्बा कामावर निघतात, तर गोळ्या गिळायला मला जड वाटलं नाही. मैनू एकटाच लपवत होता असं समजू नकोस. दोघं भावंडं लपवत होतो.

पण तू धुराचं लिहिलंस, ते मला माहीत नव्हतं. अडीचपट म्हणतेस. आमच्या चाळीत मथुराबाईचा नातू हिवाळाभर खोकत असतो. तुझे अब्बा कसे गेले ते मी त्यांच्या उशाशी बसून पाहिलं आहे. त्यांच्या स्वच्छ गाडीच्या आड लोकांचा काळा धूर लपवला, हे त्यांना कधी सहन झालं नसतं. चहा पिऊन झाल्यावर हे मी मैनूला सुनावलं. त्यात मी माझंही ऐकून घेतलं.

शुक्रवारी रिक्षा गेली. भंगारवाल्याचा टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून रस्त्यापर्यंत ढकलत न्यावी लागली. मी मागच्या सीटवर बसले. मैनूनं विचारलं, "आपा, एकदा सुरू करू?" मी नको म्हटलं. ढकलताना ती काहीच आवाज करत नव्हती. इतकी हलकी असते ती, मला कधी कळलंच नव्हतं.

आता साडेआठला काही होत नाही. मी खिडकीत बसते, ट्रक जातात, बस जातात. कॅलेंडर उतरवून ठेवलं. नागपूरला मी येणार नाही, ते पुन्हा काढू नकोस. रागावलेली नाही. तूही स्वतःवर रागावू नकोस.

एक मागते. तुझ्याकडे ते गोल कागद येतात ना, मैनूनं सांगितले ते, शाळेच्या गच्चीवरचे, काळे झालेले? तू एवढी शिकलीस, एवढे अंदाज काढतेस. त्या काळ्यात लोकांचा धूर किती आणि आपल्या रिक्षाचा किती, ते तुला काढता येतं का? आपला थोडाच असेल, मला ठाऊक आहे. तुझं काम झालं की त्यातला एक कागद मला पाठव. भिंतीवर लावणार नाही. पेटीत ठेवीन.

फक्त एप्रिलमधल्या त्या नऊ दिवसांतला पाठवू नकोस. त्यात ते नाहीत.

तुझी
अम्मी